जुन्या इंजिनावर नव्या पिढीचे सिलिंडर हेड बसवताना

जुन्या मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक पुष्कळदा भक्कम असतो. त्याची ताकद अडकलेली असते ती वरच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या आणि व्हॉल्व्ह सामावणाऱ्या भागात. त्याच घराण्यातल्या नंतरच्या इंजिनाच्या हेडमध्ये हवेच्या वाटा अधिक सरळ, व्हॉल्व्ह मोठे, ज्वलनकक्ष आटोपशीर आणि व्हॉल्व्हच्या बैठका शिसेविरहित पेट्रोल सोसतील इतक्या कठीण असतात. त्यामुळे असे हेड जुन्या ब्लॉकवर बसवण्याचा विचार रास्तच आहे. मात्र हेड ब्लॉकवर टेकले आणि सगळे बोल्ट लागले, एवढ्यावरून ते त्या इंजिनाला चालते असे कधीही समजू नये. या कामाचा मोठा भाग मोजमापाचा आहे आणि तो जुने हेड उतरवण्यापूर्वीच सुरू होतो.

शेव्हरोलेच्या 1955 साली आलेल्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनावर 1996 पासूनची व्होर्टेक नावाची हेड बसवण्याचे उदाहरण बोलके आहे. हेड बोल्टांची मांडणी तीच असल्यामुळे हेड सहज बसतात. पण इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांकडे नेणारा भाग) 12 ऐवजी 8 बोल्टांचे लागते, व्हॉल्व्ह कव्हर मध्यभागी बोल्ट असलेले लागते आणि कारखान्यातून आलेल्या स्थितीत व्हॉल्व्हची उचल 12 मिमीच्या आसपासच थांबवावी लागते. होंडाच्या बी मालिकेतल्या इंजिनांत व्हीटेक (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची उचल बदलणारी यंत्रणा) नसलेल्या ब्लॉकवर व्हीटेक हेड बसवताना अडचण निराळी येते: व्हीटेक यंत्रणेला लागणारे तेल ब्लॉककडून मिळत नाही, म्हणून बाहेरून वेगळी तेलनळी द्यावी लागते आणि हेडमधील मूळ छिद्र बंद करावे लागते. हेडबरोबर आणखी काय बदलावे लागणार, याची यादी आधी पूर्ण करावी आणि मगच हेड विकत घ्यावे.

तपासणीची सुरुवात गॅस्केटपासून, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गळतीरोधक पत्र्यापासून करावी. जुन्या ब्लॉकचे आणि नव्या हेडचे अशी दोन्ही गॅस्केट मिळवून प्रत्येक गॅस्केट दोन्ही पृष्ठभागांवर ठेवून पाहावे. पाण्याचे एखादे छिद्र समोर येणाऱ्या पृष्ठभागावर बंद असेल तर ते बहुधा चालून जाते, परंतु तेच छिद्र गॅस्केटच्या काठाबाहेर जात असेल तर गळती ठरलेलीच आहे. सिलिंडरभोवतीचे धातूचे कडे बोअरच्या आत डोकावता कामा नये आणि ज्वलनकक्षाची कडही त्या कड्याबाहेर जाता कामा नये. हेडकडे दाबाने चढणाऱ्या तेलाची वाट आणि तेल खाली परतण्याची वाट स्वतंत्रपणे शोधावी. परतीची वाट अडली तर तेल वर साचते आणि व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) आत उतरून जळू लागते. पाणी कोणत्या दिशेने फिरते हेही पाहावे, कारण काही इंजिनांत ते आधी हेडमध्ये जाते आणि तशा हेडची वाटांची रचनाच वेगळी असते.

यानंतरचा भाग कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते त्याचा आहे आणि माझ्या मते घाई सर्वाधिक नुकसान इथेच करते. समजा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही 86 मिमी आहेत. म्हणजे एका सिलिंडरचे घनफळ सुमारे 500 घनसेंटिमीटर झाले. पिस्टनचा माथा सपाट आणि ब्लॉकच्या पातळीत आहे, दाबलेले गॅस्केट 7 घनसेंटिमीटर जागा व्यापते आणि जुन्या हेडचा कक्ष 50 घनसेंटिमीटरचा आहे, असे धरले तर रेशो 557 भागिले 57, म्हणजे जवळपास 9.8 येतो. नव्या हेडचा कक्ष 43 घनसेंटिमीटरचा असेल तर तोच रेशो 550 भागिले 50, म्हणजे 11 होतो. फरक केवळ 7 घनसेंटिमीटरचा. पण त्यामुळे वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल आणि मागे घेतलेले इग्निशन टायमिंग लागू शकते, आणि दुर्लक्ष केले तर नॉकिंगने (मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या धक्क्यांनी) पिस्टन फुटू शकतो. छापील आकड्यावर विसंबू नये. स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्ह बसवून, कक्षावर ग्रीस लावलेली पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी ठेवून, तिच्या छिद्रातून ब्युरेटने द्रव भरून प्रत्येक कक्ष मोजावा.

हेड सपाट करण्यासाठी घासून घेतले तर कक्ष आणखी लहान होतो, हे या हिशेबात धरावे. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हेडमध्येच असतो, म्हणून तो क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) जवळ येतो आणि त्याचे टायमिंग किंचित मागे पडते. कॅम ब्लॉकमध्ये असून दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडच्या इंजिनात पुशरॉडची योग्य लांबी बदलते.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातील अंतर मातीच्या साहाय्याने तपासावे. पिस्टनच्या माथ्यावर मूर्तिकामाच्या मऊ मातीचा थर द्यावा, तो चिकटू नये म्हणून व्हॉल्व्हला थोडे तेल लावावे, एकदा दाबून झालेले जुने गॅस्केट ठेवून हेड कसावे, कॅमचे टायमिंग जुळवावे आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले तेल भरलेले भाग) असतील तर तपासणीपुरते घन टॅपेट वापरावेत, नाहीतर ते दबून खोटा दिलासा देतात. हेड उतरवून माती कापावी आणि सर्वांत पातळ जागा मोजावी. इनटेककडे किमान 2 मिमी आणि एक्झॉस्टकडे किमान 2.5 मिमी हा सर्वमान्य सुरक्षित अंदाज आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापून लांबतो, म्हणून त्याला जास्त जागा लागते. फिरवताना क्रँक कुठेही अडला तर जोर लावू नये, कारण ती अडचण बहुधा व्हॉल्व्हचीच असते.

प्रत्यक्ष जोडणी त्यामानाने सोपी आहे. दोन्ही पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलर गेजने तपासावेत; पूर्ण लांबीत 0.05 मिमीपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून घेणे बरे. अनेक थरांच्या पोलादी गॅस्केटला अधिक गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. ब्लॉकमधील बोल्टांची बंद छिद्रे तेल आणि पाण्यापासून पूर्ण कोरडी करावीत. आत साचलेला द्रव बोल्ट कसताना इतका दाब निर्माण करतो की ब्लॉकला तडा जातो. एकदाच वापरायचे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. मधून बाहेरच्या दिशेने, निर्मात्याने दिलेल्या क्रमाने आणि टप्प्यांत टॉर्क रेंचने बोल्ट कसावेत. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असेल तर ॲल्युमिनियम तापून सुमारे दुप्पट पसरते; शिवाय दोन वेगळ्या धातूंमुळे गंजही लवकर चढतो, म्हणून अशा जोडीत गंजरोधक कूलंटला पर्याय नाही.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी इग्निशन आणि इंधन बंद ठेवून, स्पार्क प्लग काढून, स्टार्टरने तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन फिरवावे. व्हॉल्व्ह कव्हर उघडे ठेवून तेल शेवटच्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भुजेपर्यंत) पोहोचलेले डोळ्यांनी पाहावे. मग इंजिन चालू करून पूर्ण तापू द्यावे, थंड झाल्यावर कूलंटची पातळी पाहावी, आणि दोन-तीन वेळा तापून निवल्यावर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून तो आकडा लिहून ठेवावा. बोल्ट पुन्हा कसायचे की नाही हे गॅस्केटच्या निर्मात्याच्या सूचनेवरूनच ठरवावे.