हॅलोवीनपर्यंतचा महिना: भयपट कानाने कसे बघावेत

ऑक्टोबर उजाडला की माझ्या तबल्याच्या क्लासात एक प्रश्न हमखास येतो. बारा-तेरा वर्षांचं कुणीतरी पोर डग्ग्याला खोळ घालता घालता विचारतं, "ताई, हॅलोवीनला कुठला पिक्चर बघू? एकदम टरकवणारा सांगा." मी मूळची मिरजेची, गेली सोळा वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहते, आणि माझं उत्तर दरवर्षी तेच असतं: एक पिक्चर नको विचारूस, अख्खा महिना मांड. मैफल मांडतात तसा. आधी संथ विलंबित, मग मध्य लय, आणि वेगवान द्रुत 31 तारखेच्या, म्हणजे हॅलोवीनच्या रात्री.

हल्ली पोरांचे आईवडीलही विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यातले बहुतेक चित्रपट मोठ्यांसाठी आहेत. मुलांचं पुढे वेगळं सांगते.

पहिल्या वर्षी मी नेमकं उलटं केलं होतं. सगळ्यात आरडाओरड्याचा, रक्तबंबाळ चित्रपट 1 तारखेलाच लावला. पुढचे तीन आठवडे काही केल्या अंगावर काटा येईना. आधी द्रुत ऐकून झालं की विलंबितासाठी कान राहत नाही. तेव्हापासून मी चित्रपट निवडते तो कानाने. भूत दिसतं एकदा-दोनदा, पण त्याच्या आधीचा अर्धा तास आपण त्याची वाट बघत असतो, आणि वाट बघायचं काम डोळ्यांपेक्षा कान जास्त करतात.

तेव्हा आधी आवाजाची सोय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'नाइट मोड' असं काही चालू असेल तर ते बंद करा. ही सोय हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करून सगळं एका पातळीवर आणते. बातम्यांना ठीक आहे, भयपटाचा मात्र जीवच जातो. चित्रपटातल्या सगळ्यात दबक्या बोलण्याला आवाज लावा, इतका की कुजबुज जेमतेम कळेल, आणि मग रिमोट लांब ठेवून द्या. चित्र अतिगुळगुळीत, मालिकेसारखं दिसत असेल तर 'मोशन स्मूदिंग'ही बंद करा. घरात कुणी झोपलेलं असेल तर सरळ हेडफोन लावा. खाणं आधी उरकून घ्या. वेफर्स, चिवडा असलं कुरकुरीत काही मांडीवर नको. आमच्याकडे त्या दिवशी शिरा असतो.

अंधाराची काळजी ऑक्टोबर स्वतःच घेतो. 1 तारखेला आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो आणि महिनाअखेरीला सहाच्या आतच. म्हणजे जसजसा महिना पुढे सरकतो तसतसं लवकर सुरू करता येतं. मी आठवड्याला दोन चित्रपट ठेवते, शुक्रवारी एक आणि शनिवारी एक. त्याहून जास्त बघू नयेत. मधले दिवस त्या भीतीला मुरायला लागतात.

आणखी एक. चित्रपट निवडताना नावावर जाऊ नका, साल बघा. 'हॅलोवीन' याच नावाचे तीन चित्रपट आहेत, 1978, 2007 आणि 2018 चे. 'सायको' 1960 चा आणि पुन्हा 1998 चा. 'द हॉन्टिंग' 1963 चा आणि 1999 चा. अमेरिकेत असाल तर गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बहुतेक जुन्या डीव्हीडी फुकट मिळतात, पण सप्टेंबरच्या शेवटीच नाव लावून ठेवा. ऑक्टोबरच्या मध्याला आमच्या वाचनालयात माझ्यापुढे नेहमी पाच-सहा माणसं असतात.

पहिला आठवडा विलंबिताचा. 'द इनोसंट्स', 1961. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या कादंबरिकेवरचा. एका मोठ्या वाड्यात दोन मुलांना सांभाळायला आलेली बाई, डेबोरा कर. पडदा आधी नुसता काळा असतो, कंपनीचं नावही अजून आलेलं नसतं, आणि एका मुलीचा आवाज गायला लागतो. काहीच दिसत नाही, फक्त सूर. मला हे आलापासारखं वाटतं. त्या काळ्या पडद्यावर "डीव्हीडी बिघडली वाटतं" म्हणून उठू नका. दुसऱ्या रात्री 'द हॉन्टिंग', दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. त्यानेच दोन वर्षांनी 'द साउंड ऑफ म्युझिक' केला. या चित्रपटात भूत दिसतच नाही. रात्री दोन बायका एका खोलीत बसल्या आहेत आणि लांबच्या बोळातून दणके ऐकू येतात, एकेका दारावर, जवळ येत येत. दार वाजतं ते कुणाच्या हाताने, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. नवख्याने सुरुवात करायची तर याच्यापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. यात किळस नाही, रक्त नाही, आणि तरी त्या रात्री बाथरूमला जाताना बोळातला दिवा लावावा लागतो.

दुसऱ्या आठवड्यात लय थोडी वाढवा. 'सायको', 1960. न्हाणीघरातल्या खुनाच्या त्या प्रसंगाला संगीत नकोच, असं दिग्दर्शक हिचकॉकचं आधी मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही ते रचलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकने ते ठेवलं. सगळ्या चित्रपटाला नुसती तंतुवाद्यं आहेत. पितळी वाद्यं नाहीत, तालवाद्यं नाहीत. मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानांजवळ वाढलेल्या माणसाला तर हा चित्रपट वेगळाच लागतो. तारेवर गज इतक्या रागाने ओढता येतो हे मला इथे कळलं. चित्रपट संपल्यावर तो एक प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा. दीड मिनिटात तुम्हाला हरमनचं काम समजेल. त्याच आठवड्यात जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', 1968. पेनसिल्व्हेनियात थोडक्या पैशांत केलेला. प्रदर्शनाच्या वेळी नाव बदललं आणि नव्या नावासोबत हक्काची सूचना छापायची राहून गेली, म्हणून अमेरिकेत तो सर्वांसाठी खुला झाला. त्यामुळे तो फुकट आणि कायदेशीर बघता येतो. फक्त प्रत स्वच्छ शोधा. धुरकट प्रतीत आवाजाची पार माती झालेली असते.

तिसरा आठवडा 'द शायनिंग'चा, 1980. हा सव्वादोन तासांहून मोठा आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं नसेल अशीच रात्र धरा. लहानगा डॅनी प्लास्टिकच्या तीनचाकीवर बसून रिकाम्या हॉटेलच्या बोळांतून फिरतो आणि कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे. लाकडी जमिनीवर चाकं घरघरतात. सतरंजी आली की एकदम मुकी होतात. पुन्हा लाकूड, पुन्हा सतरंजी. खुला बोल, बंद बोल, खुला, बंद. हा प्रसंग मी माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांना नुसता ऐकवते, टीव्हीकडे पाठ करून बसवून. दोन-तीन आवर्तनांत कान आपोआप मोजायला लागतो, पुढचा बंद बोल कधी येणार ते. आणि एकदा का कान असा गुंतला की बोळाच्या वळणावर काय आहे याच्यासाठी माणूस पुरता उघडा पडतो. दिग्दर्शक कुब्रिकने तिथे कर्कश संगीताने दचकवायच्या आधी नुसत्या चाकांनी आपल्याला बांधून ठेवलंय.

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट', 1999, याच आठवड्यात. मेरीलँडच्या रानात नटांनी स्वतःच्या हाताने चित्रित केलेला, आणि रात्री तंबूभोवती चित्रपटवाल्यांनी खरोखरच आवाज करून त्यांना घाबरवलेलं. ज्यांना हलणाऱ्या कॅमेऱ्याने मळमळतं त्यांनी थोडं लांब बसावं. तरीही तो नको असेल तर 1998 चा जपानी 'रिंगू' घ्या.

चौथ्या आठवड्यात मी घरी येते. 'लपाछपी', मराठी, 2017. पुढे त्याच दिग्दर्शकाने, विशाल फुरियाने, हिंदीत 'छोरी' केला, पण आधी मराठीच बघा. पूजा सावंतची नेहा पोटुशी आहे, आणि ती येऊन पडते ती चहूबाजूंनी ऊस असलेल्या घरात. ऊस म्हणजे काय हे सांगली-मिरजेकडच्या माणसाला सांगायला नको. ऑक्टोबरात तो डोक्याच्या वर गेलेला असतो, गाळप अजून सुरू व्हायचं असतं. आत शिरलं की दहा पावलांवरचा बांधही दिसत नाही. पाल्याने हात कापतात, आणि वारा नसला तरी कुठेतरी खसफस चालूच असते. लहानपणी मामाच्या शेतात मी आणि माझा मामेभाऊ उसातच लपाछपी खेळायचो, आणि एकदा मी राज्य असताना हाक मारून मारून थकले. तो माझ्यापासून दोन सरींवर उभा होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, तो मात्र दिसत नव्हता. या चित्रपटाची भीती त्याच जातीची आहे. त्याचा विषय स्त्रीभ्रूणहत्येचा आहे, फार जड आहे. कुणी गरोदर असेल, किंवा ज्यांनी मूल गमावलं असेल, त्यांनी हा सोडून द्यावा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

दुसऱ्या रात्री 'तुंबाड', 2018. भाषा हिंदी असली तरी माती कोकणातली. प्रेरणा आपल्या भयकथाकार नारायण धारपांची. 1918, 1933 आणि 1947 अशा तीन काळांत हाव बापाकडून मुलाकडे जाते. दिवाळी जवळ आलेली असते, घरी पिठाचा डबा उघडलेला असतो, त्यामुळे कणकेच्या बाहुल्या दिसल्या की मला दरवेळी कसंतरी होतं. पाऊस या चित्रपटात जवळजवळ थांबत नाही. तो तानपुऱ्यासारखा खाली लागलेला असतो. म्हणून याला हेडफोनच बरे.

आता मुलांचं. चार वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला मी आमच्यासोबत बसू दिलं. तो हसत होता, मला वाटलं मजेत आहे. आठवडाभर तो दिवा लावून झोपला आणि त्याच्या आईचा फोन आला. ती चिडली ते बरोबरच होतं. मूल हसतंय म्हणजे घाबरलेलं नाही असं नसतं. तेव्हापासून आईवडिलांना विचारल्याशिवाय मी कुणाच्याच मुलाला काही दाखवत नाही. लहानग्यांना 1966 चा चार्ली ब्राउनच्या कार्टूनचा भोपळ्याचा खास भाग पुरतो, अर्ध्या तासाच्या आत संपतो. दहाच्या पुढच्यांना 'कोरलाइन', 2009, पण दिवसाउजेडी, आणि शेजारी बसून. डोळ्यांच्या जागी बटणं असलेली दुसरी आई आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. आधी सांगितल्याने गोडी जात नाही. कुठे डोळे मिटायचे हे मुलाला कळतं, आणि मग ते बहुधा मिटत नाही.

31 तारखेला संध्याकाळी घाई करू नका. आमच्या गल्लीत सहापासून पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेट मागायला यायला लागतात. दाराबाहेरचा दिवा चालू म्हणजे चॉकलेट मिळणार, बंद म्हणजे संपलं, हा इथला संकेत. मी साडेआठला दिवा मालवते आणि नऊला जॉन कारपेंटरचा 1978 चा 'हॅलोवीन' लावते.

कॅलिफोर्नियात ऐन वसंतात चित्रित केलेला हा चित्रपट. पानगळ दिसावी म्हणून रंगवलेली पानं पसरायची, प्रसंग झाला की गोळा करून पुन्हा वापरायची. खुन्याचा मुखवटा दोन डॉलरहून कमी किमतीचा, दुकानातून आणून पांढरा रंगवलेला. नायिका जेमी ली कर्टिस ही 'सायको'तल्या जॅनेट लीची मुलगी, म्हणून तो चित्रपट आधी बघून ठेवायला सांगितलं. कारपेंटरने सांगितलंय की संगीताशिवाय हा चित्रपट एका स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवला तर त्या जराही घाबरल्या नाहीत. मग त्याने स्वतः बसून संगीत केलं. त्याला पाच मात्रांचा ठोका त्याच्या वडिलांनी लहानपणी बाँगोवर शिकवलेला होता.

ते सुरुवातीचं पियानोचं आवर्तन हाताने मोजून बघा. दहा आघात आहेत. आपला झपतालही दहाचा, पण तो दोन-तीन-दोन-तीन असा ऐसपैस चालतो. हे आहे तीन-तीन-दोन-दोन: तकिट तकिट तक तक, तकिट तकिट तक तक. पहिली दोन पावलं लांब, पुढची दोन आखूड. कुणीतरी मागे चालतंय आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी त्याची पावलं जवळ पडताहेत. माझ्या क्लासातल्या मुलांना हे मांडीवर वाजवायला दिलं की पाचव्या-सहाव्या आवर्तनाला वर्गात कुणी बोलत नाही.

शेवटी रिकाम्या खोल्या, जिना, अंधारी घरं एकामागून एक दिसतात आणि श्वास ऐकू येतो. तेव्हा दिवा लावू नका, रिमोटला हात लावू नका, नावं पूर्ण सरकू द्या. मग उठून दार उघडा आणि पायरीवर राहिलेली चॉकलेटची परडी आत घ्या.