कनेक्टिंग फ्लाइट चुकली तर काउंटर सोडायच्या आधी काय करायचं

माझा भाचा खानापूरचा, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळूर आणि तिथून दुबई असा निघालेला, तर सांबऱ्यालाच विमान अडीच तास लेट झालं आणि बेंगळूरला उतरेपर्यंत पुढचं उडून गेलेलं. काउंटरवर सांगितलं नवीन तिकीट काढा, आणि पोरगं घाबरलं, ड्युटीवर हजर व्हायची तारीख जवळ आलेली, त्यानं खिशातले होते नव्हते ते पैसे घालून तिकीट काढलं की. त्याची दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर होती, एक रुपया भरायची गरज नव्हती. ते पैसे परत मिळवायला आम्हाला सात महिने लागले, म्हणून हे सगळं लिहितोय, आपल्या भागातली कितीतरी पोरं अशीच गल्फला जातात.

तर पहिलं म्हणजे पीएनआर बघा. दोन्ही फ्लाइट एका तिकिटावर असतील तर पहिली लेट झाल्यामुळं दुसरी चुकल्यावर शेवटच्या ठिकाणापर्यंत पोचवायची जबाबदारी एअरलाइनची. स्वस्त मिळतंय म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसरी एअरलाइन तुम्हाला नो-शो, म्हणजे आलाच नाही असं धरते, मग भांडायला जागा फार कमी उरते. एजंटकडनं काढत असाल तर त्याला स्पष्ट विचारा, आणि बुकिंगमध्ये स्वतःचाच मोबाइल नंबर घाला, एजंटचा नको. हे महत्त्वाचं आहे, कारण डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, त्यांच्या नियमात ज्यानं नीट संपर्क दिलेला नाही त्याला नुकसानभरपाई नाही.

काउंटरवर नवीन तिकीट काढू नका, "पुढच्या फ्लाइटवर बसवा" म्हणा, आणि नाही म्हणाले तर ते लेखी मागा, लेखी देत नसतील तर तिथंच उभं राहून त्यांना ईमेल टाका, वेळ त्यात आपोआप येते. पहिली फ्लाइट किती आणि कशामुळं लेट झाली त्याचं सर्टिफिकेट घ्या. बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, जेवणाची, टॅक्सीची बिलं, काही फेकू नका, सगळ्याचे फोटो काढून घरी पाठवा. सांबरा-बेंगळूरसारख्या छोट्या फ्लाइटला दोन तासांच्या वर उशीर झाला तर खाणंपिणं द्यायलाच लागतं. रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान सुटणारी फ्लाइट सहा तासांपेक्षा जास्त लेट झाली तर हॉटेलसुद्धा. हे मागितल्याशिवाय कोण देत नाही.

आता पैशाचं. लोक इथं गोंधळतात, उशीर झाला म्हणजे ठरलेली रक्कम मिळते असं नाही. फ्लाइट वेळेत न कळवता रद्द केली, किंवा रद्द झाल्यामुळं त्याच तिकिटावरची पुढची चुकली, तर देशातल्या फ्लाइटला प्रवास किती लांबचा त्यावर ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन चार्ज, यातलं जे कमी ते. हवामान, संप असल्या कारणांना ते नाही. नुसत्या उशिरानं परदेशातली फ्लाइट चुकली असेल तर मॉन्ट्रियल करार, म्हणजे विमान प्रवासाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे, त्यात तुमचं खरं झालेलं नुकसान मागता येतं पण बिलांनी सिद्ध करायला लागतं, म्हणून तर बिलांचं एवढं सांगतोय.

घरी आल्यावर आधी एअरलाइनला लिहा, मग त्यांच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी), मग सरकारच्या एअरसेवा ॲपवर तक्रार टाका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ सुद्धा आहे. एवढ्यावर नाही झालं तर सरळ जिल्हा ग्राहक आयोग, आणि त्यासाठी कुठं लांब जायला लागत नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. तिकीट पाच लाखांच्या आतलं असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन पण भरता येते. मुदत दोन वर्षं. अर्ज आम्ही इंग्रजीत लिहिला, कन्नडमध्ये आलेली नोटीस शेजारच्या काकांकडून समजून घेतली, ते स्वतः दोनदा आमच्याबरोबर आले. तारखा सोप्या भाषेत कागदावर ओळीनं लिहून न्या: किती वाजता सुटायचं होतं, किती वाजता सुटलं, काउंटरवर कोण काय बोललं. आमच्याकडं भाच्यानं घाबरत का होईना त्याच रात्री घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हॉइस मेसेज होता, त्यावरून वेळा जुळवता आल्या.