एसीले कूलर समजू नका, राजेहो : या चुका टाळा

मार्च संपता संपता माझ्याकडे कूलरची कामं येतात. गवत बदला, पंप पाहा, टाकीचं भोक बुजवा, मोटर रिवाइंड करा. एप्रिल लागला की एसीचे फोन सुरू होतात. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या खेड्यांत आता पोराचं लग्न ठरलं की पहिल्यांदा एका खोलीला टाइल्स लागतात आणि मग एसी. त्यात वाईट काही नाही. वाईट हे की माणूस तीस वर्षं कूलर वापरलेला असतो, आणि एसी घरात आला की त्यालाही कूलरच्याच सवयी लावतो.

कूलर बाहेरची कोरडी हवा आत ओढतो, ओली करतो, म्हणून त्याला खिडकी उघडी लागते. एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि भिंतीपलीकडच्या डब्यातून बाहेर टाकतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

दोन्ही सोबत लावणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नवतप्याचे दिवस होते, रात्रीचे नऊ वाजलेले. एका काकाजींचा फोन : "भाऊ, मशीन पाणी फेकून राहिली, पण थंड काईच नाई. गॅस संपला वाट्टे." गाव बावीस किलोमीटर. गाडी काढली आणि गेलो.

खोली दहा बाय बारा, वर स्लॅब. नवाकोरा दीड टनाचा एसी १६ वर लावलेला. आणि खिडकीत लोखंडी कूलर, फुल स्पीडवर, पंप चालू! गादी ओलसर, भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळी होऊन वर चढलेलं. ड्रेन पाइपातून धार लागलेली. मी विचारलं, हे दोन्ही काहून लावले? काकाजी म्हणाले, "एकानं थंड होते, त दोघांनं डबल थंड होईन ना?"

हिशोब सोपा आहे. मे महिन्यात मोठा कूलर ताशी आठ-दहा लिटर पाणी सहज पितो. ते पाणी वाफ होऊन खोलीत शिरतं. एसीच्या थंड कॉइलवर त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि एक लिटर पाणी असं गोळा करायला एसीला पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता ओढावी लागते. म्हणजे आठ लिटरला साडेपाच युनिट. दीड टनाचा एसी तासाला उष्णता ओढतोच मुळी पाच-सव्वापाच युनिट (हे उष्णतेचे, बिलातले नाही). सगळी वाफ काही एसीकडे जात नाही, पण निम्मी गेली तरी निम्मा एसी पाणी गोळा करण्यातच संपला. वर उघड्या खिडकीतून येणारी गरम हवा वेगळीच.

मी कूलर बंद केला, खिडकी लावली, कूलरच्या फटीत जुनी चादर कोंबली आणि चहा पीत बसलो. तासाभरात काकूंनी दुलई काढली. पण खरं दुखणं पुढे आहे. माझ्या आधी दुपारी एक पोरगा येऊन तीन हजारांत "गॅस भरून" गेला होता.

माझं मत विचाराल तर मेच्या कोरड्या दुपारी कूलर लावा, बापा. त्या हवेत त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. एसीची खरी गरज रोहिणी संपून मृग लागला की पडते, जेव्हा हवेत दमटपणा येतो आणि कूलर नुसता चिकचिक करतो. दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत.

दरवर्षी गॅस भरणे

कूलरचं गवत दरवर्षी बदलतो, म्हणून एसीचा गॅसही दरवर्षी बदलायचा, असं लोकांच्या डोक्यात बसलंय. गॅस म्हणजे पेट्रोल नाही, तो जळून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. मी आधी साबणाच्या फेसानं नट तपासतो. दहापैकी बऱ्याच वेळा बाहेरच्या युनिटजवळचा नटच नीट आवळलेला नसतो, किंवा घाईत फ्लेअरिंग, म्हणजे नटात बसणारं नळीचं पसरट तोंड, तिरपं झालेलं असतं.

आता आमच्या धंद्याबद्दल बोलतो, कुणाला राग आला तर येऊ द्या. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून गॅसचा दाब मोजायचं गेज विकत घेतलेली पोरं व्हॅक्यूम पंप, म्हणजे नळीतली हवा आणि ओल ओढून काढणारं यंत्र, आणतच नाहीत. बाहेरच्या युनिटमधला थोडा गॅस सोडून नळीतली हवा "धुऊन काढतात" आणि वीस मिनिटांत दुसऱ्या घरी. नळीत ओल राहते, हळूहळू तेल बिघडतं, आणि दोन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर जातो. तेव्हा शिव्या कंपनीला. फिटिंगवाला आला की त्याच्या पिशवीत व्हॅक्यूम पंप आहे का ते पाहा. नसेल तर चहा पाजून परत पाठवा. पंप पंधरा-वीस मिनिटं तरी चालला पाहिजे. मी अर्धा तास चालवतो, माणसं कंटाळली तरी.

आणखी एक. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-३२ गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. काम चालू असताना शेजारी बिडी ओढत उभं राहू नका. हे मला दर महिन्याला कुणाला तरी सांगावं लागतं.

बाहेरच्या डब्याला सावलीत कोंडणे

ऊन लागू नये म्हणून एका गुरुजींनी बाहेरच्या युनिटला तिन्ही बाजूंनी टिन ठोकले आणि वरून ओलं बारदान टाकलं. डबा आपलीच गरम हवा परत ओढत होता. दुपारी दोनला ट्रिप, रात्री ठीक. सावली हवीच, पण वरून, हातभर अंतर ठेवून. समोर चार-पाच फूट मोकळं पाहिजे. गोठ्यात बसवू नका, कुटार उडतं. चुलीच्या धुराड्यासमोर तर नकोच.

कापूस आणि जाळी

पुस्तिकेत लिहिलेलं असतं की फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा. ते ठीक आहे, पण लिहिणाऱ्याच्या घरात कापूस भरलेला नसतो. आपल्याकडे भाव येण्याची वाट पाहत कापूस समोरच्या खोलीत छतापर्यंत असतो, आणि त्याचा तंतू जाळीवर असा बसतो की काढली तर वाकळ हातात येते. हवाच जात नाही, मग कॉइलवर बर्फ धरतो आणि फोन येतो : "एसीत बर्फ झाला, लयच जोरात आहे." जोरात नाही, भाऊ, गुदमरला आहे. अशा घरात दर आठवड्याला, सोमवारी आंघोळीच्या आधी, जाळी नळाखाली धरा आणि सावलीत वाळवा. उन्हात टाकली तर फ्रेम वाकडी होते.

बाहेरची कॉइल वर्षातून दोनदा, मेन स्विच पाडून, साध्या पाइपानं धुवा. गाड्या धुवायच्या प्रेशर पंपानं पत्ती आडवी होते. संडासचं अॅसिड टाकणारेही भेटले. त्यांची कॉइल मी दाखवायला ठेवली आहे.

घेताना

डब्यावरचा टन, म्हणजे एसीची उष्णता ओढायची ताकद, बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. आपल्याकडे मेमध्ये ४५-४६ होतं, तेव्हा तोच एसी उष्णता कमी ओढतो. वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत असेल तर दहा बाय बारालाही दीड टन घ्या, आणि आधी स्लॅबवर चुना मारा. टिनाखाली आधी सीलिंग करा. नसेल होत तर एसीचे पैसे बियाण्याला ठेवा. कॉइल तांब्याची घ्या, फुटली तर तालुक्याला ब्रेझिंग (झाळकाम) होऊ शकतं.

१६ वर लावल्यानं खोली लवकर थंड होत नाही. २४-२५ ठेवून वर पंखा लावा. एकेक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवू नका. मीटरपासून वेगळी तांब्याची चार एमएमची वायर, वेगळा एमसीबी आणि खरी अर्थिंग, कोळसा-मीठ टाकलेली.

"इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागत नाही" असं दुकानदार म्हणतो, कारण त्याच्या गावात डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेतातल्या वीस मोटरी नसतात. संध्याकाळी व्होल्टेज १५०, आणि डीपीचा न्यूट्रल ढिला झाला की थेट साडेतीनशे. एसीचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळतं. स्टॅबिलायझर घ्या, जास्त व्होल्टेजला तोडणारा.

ड्रेन पाइप

तो बादलीतल्या पाण्यात बुडवू नका, पाणी अडतं. आणि टोकाला मच्छरदाणीची जाळी बांधा. एका घरी आतून भिंतीवर पाणी उतरत होतं. घरवाल्यांनी "पाइप आत फुटला" म्हणून हातभर प्लास्टर फोडून ठेवलं. मी फोनवर म्हटलं होतं, आधी पाइपाचं टोक पाहा. गेलो तर कुंभारमाशीनं तोंडात मातीचं घर केलेलं. सायकलच्या चाकाच्या ताडीनं (स्पोकनं) दोन मिनिटांत काढलं. घरवाले म्हणाले, "एवढंच होतं त फोनवर काहून नाई सांगतलं?"