‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ वाचताना आणि शिकवताना या चुका टाळा

केट शोपॅन या अमेरिकन लेखिकेची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ ही कथा जेमतेम हजार शब्दांची आहे. ती एप्रिल 1894 मध्ये लिहिली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘व्होग’मध्ये ‘द ड्रीम ऑफ ॲन अवर’ या नावाने प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेल्या लुईस मॅलर्डला तिचा पती ब्रेंटली रेल्वे अपघातात गेल्याची बातमी जपून सांगितली जाते. ती रडते, खोलीत एकटी बसते आणि तिथे तिला आपण मोकळे झाल्याची जाणीव होते. ती खाली उतरत असतानाच पती धडधाकट घरी येतो आणि तिचा प्राण जातो. कथानक दोन-तीन वाक्यांत सांगून होते, आणि म्हणूनच वाचक घाईने निष्कर्ष काढतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ब्रेंटलीला जुलमी नवरा ठरवणे. पत्नीला पतीच्या मृत्यूनंतर सुटका वाटते, म्हणजे तो तिला छळत असणार, असे आपण गृहीत धरतो आणि मग पुराव्यादाखल कथेत नसलेले प्रसंग मनाने रचतो. प्रत्यक्षात कथा याच्या उलट सांगते. त्याचे हात प्रेमळ होते, त्याच्या चेहऱ्यावर तिच्याविषयी प्रेमाखेरीज दुसरा भाव कधी दिसला नव्हता, आणि तिचेही त्याच्यावर अधूनमधून प्रेम होते, हे सारे स्वतः लुईसलाच आठवते. ब्रेंटली क्रूर असता, तर ही एका वाईट नवऱ्याची गोष्ट झाली असती आणि चांगला नवरा मिळाला की प्रश्न सुटला असे म्हणता आले असते. ती पळवाट शोपॅन यांनी विचारपूर्वक बंद केली आहे. आपली इच्छा दुसऱ्या माणसावर लादण्याचा आपल्याला हक्क आहे असे पुरुष आणि स्त्रिया दोघेही आंधळेपणाने मानतात, आणि त्यामागचा हेतू दयाळू असो वा दुष्ट, ते कृत्य गुन्ह्याहून कमी ठरत नाही, हा विचार लुईसला खिडकीपाशी बसलेली असताना सुचतो. कथेचा कणा हा आहे. तो निसटला, तर बाकीचे कितीही विवेचन केले तरी उत्तर पोकळ राहते.

लुईसला निष्ठुर ठरवणे हीसुद्धा घाईच आहे. बातमी कळताच ती बहिणीच्या मिठीत धाय मोकलून रडते. मनात येऊ पाहणारी मोकळेपणाची भावना ती आधी ओळखत नाही, मग तिला परतवून लावण्याचा प्रयत्न करते, आणि पतीचे निष्प्राण हात पाहिल्यावर आपल्याला पुन्हा रडू येणार हेही तिला ठाऊक असते. दुःख आणि सुटका एकाच मनात एकाच वेळी नांदू शकतात, हे मान्य केल्याखेरीज या पात्राला न्याय देता येत नाही.

मराठी वाचकांकडून आणखी एक गल्लत होते. त्या काळातील वैधव्य म्हटले की आपल्यासमोर केशवपन, उपास आणि माजघरातला कोपरा उभा राहतो. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले ते याच वास्तवामुळे. त्यामुळे विधवा होण्यात स्वातंत्र्य कसले, हा प्रश्न आपल्याला साहजिकच पडतो. अमेरिकन कायद्याच्या जुन्या परंपरेत मात्र विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे, तर विधवा स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगू शके आणि करार करू शके. 1894 पर्यंत अनेक राज्यांनी ही बंधने बरीच सैल केली होती, तरी विवाहाकडे पाहण्याची दृष्टी तीच होती. ही पार्श्वभूमी ठेवली की लुईसची कल्पना विक्षिप्त वाटत नाही. शोपॅन यांनीही 1882 मध्ये पती वारल्यावर लुइझियानातील त्यांचा व्यवसाय काही काळ स्वतः सांभाळला होता. मात्र या चरित्राला कथेची किल्ली करू नये. लेखिकेचे वडील 1855 च्या एका रेल्वे अपघातात गेले होते, हे खरे. पण तेवढ्यावरून लुईसचे मन उलगडत नाही.

आता शेवटच्या वाक्याकडे वळू. मारून टाकणाऱ्या आनंदामुळे ती हृदयविकाराने गेली, असे डॉक्टर म्हणतात. हे निवेदकाचे मत समजणे ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक आहे. येथे अडखळायला होत असेल, तर कोणाला काय ठाऊक आहे ते पात्रागणिक लिहून काढावे. बहीण जोसेफीन, पतीचा मित्र रिचर्ड्स आणि डॉक्टर यांपैकी कोणालाही त्या बंद खोलीत काय घडले याची कल्पना नाही. ते फक्त वाचकाला ठाऊक आहे. आपल्या बहिणीला त्रास होईल म्हणून जोसेफीन दाराच्या किल्लीच्या छिद्रातून विनवते, तेव्हा आत लुईस आयुष्य दीर्घ असावे अशी प्रार्थना करीत असते, आणि आदल्याच दिवशी त्याच दीर्घ आयुष्याच्या विचाराने तिच्या अंगावर शहारा आला होता. रिचर्ड्स दुसरी तार येईपर्यंत थांबून खात्री करून घेतो, तरी बातमी खोटी निघते; आणि ब्रेंटली दारात दिसताच रिचर्ड्स त्याला लुईसच्या नजरेआड करू पाहतो, तोवर उशीर झालेला असतो.

येथेच उपरोध (पात्रांना वाटते एक आणि असते भलतेच) आणि स्त्रीस्वातंत्र्य यांना दोन स्वतंत्र मथळ्यांखाली लिहिण्याची सवय सोडावी लागते. घरातील प्रत्येक जण लुईसची काळजी घेतो आणि प्रत्येक जण तिला काय वाटते, काय वाटावे, हे तिच्या वतीने ठरवून टाकतो. सद्हेतूने लादलेल्या ज्या इच्छेला तिने खोलीत गुन्हा म्हटले, तीच इच्छा जिन्यावर तिची वाट पाहत असते; डॉक्टरांचे निदान हा त्या इच्छेचाच शेवटचा आविष्कार आहे. तिच्या मृत्यूचा अर्थही दुसऱ्यांनीच लावला. उपरोध म्हणजे शेवटी दिलेला धक्का, एवढेच लिहिणाऱ्याच्या हातून हा धागा सुटतो.

याच्या उलट टोकाची चूकही टाळावी. ‘स्वातंत्र्य हिरावले गेल्यामुळेच ती मेली’ असे ठाम विधान करणारे वाचक डॉक्टरांप्रमाणेच तिच्या वतीने बोलत असतात. पती दारात उभा राहिल्यानंतर निवेदक लुईसच्या मनात पुन्हा शिरत नाही. पूर्वार्धात तिच्या मनाचा कण न् कण दाखवणारी लेखणी या क्षणी बाहेरच थांबते. म्हणून उत्तरात ‘कथेचा कल या अर्थाकडे आहे’ असे लिहावे आणि त्याला आधार म्हणून खिडकीजवळचा प्रसंग द्यावा. मृत्यूचे कारण स्वतः जाहीर करू नये.