टोकियोत साकुरा बघायचाय? उएनो ते असाकुसा एका दिवसात कसं करायचं

मार्चअखेर टोकियोला जायचं ठरलं की लोक आधी शिबुया, डिस्ने, शॉपिंग अशी यादी काढतात आणि साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, त्यात "जमलं तर" असा घुसवतात. माझं म्हणणं उलट आहे, एक आख्खा दिवस फुलांनाच द्या, आणि तो उएनो ते असाकुसा या पट्ट्यातच घालवा, कारण इथे फुलं, देवळं, नदी, खाणं सगळं पायी नाहीतर मेट्रोच्या तीन स्टेशनांत उरकतं.

आधी तारीख

सगळ्यात जास्त डोकं इथेच लावायचं. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे, हवामान खात्याची माणसं येऊन त्याच्या फांद्या निरखतात आणि ५-६ फुलं उमललेली दिसली की शहरात साकुरा आला असं जाहीर होतं, तेही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. सरासरी तारीख २४ मार्च, आणि पूर्ण बहर ३१ मार्चच्या आसपास. पण २०२१ ला फुलं १४ मार्चलाच आली आणि २०२४ ला थेट २९ ला! म्हणून साधारण २७ मार्च ते ४ एप्रिल असा मुक्काम ठेवा, हॉटेल चार-पाच महिने आधी बुक करा, व्हिसाचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, आणि मुख्य म्हणजे फुलांचा दिवस आधी फिक्स करू नका, तिथे पोचल्यावर हवामान बघून ठरवा. जोराचा पाऊस-वारा झाला की बहर दोन दिवसांत उतरतो.

हे सगळं एकदम का फुलतं, तर टोकियोतली बहुतेक झाडं सोमेई योशिनो या एकाच जातीची आहेत आणि सगळी कलमाने वाढवलेली, आपल्या हापूससारखीच. झाडं जणू एकच, त्यामुळे फुलतातही बरोबर आणि झडतातही बरोबर.

सकाळ उएनो पार्कात

नऊच्या आत पोचा. मधल्या मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी फांद्या डोक्यावर येतात आणि खाली, बसायची परवानगी आहे तिथे, लोकांनी निळ्या प्लास्टिकच्या शीट अंथरलेल्या असतात. तुम्हीपण एक शीट घ्या, १०० येनच्या दुकानात मिळते. शीटवर चढायच्या आधी बूट काढायचे आणि कडेला नीट ओळीत लावायचे, ऑफिसातले सुटाबुटातले लोकसुद्धा असेच मोज्यांवर बसलेले दिसतील. मोजे फाटके नकोत आणि जाड हवेत, कारण जमीन गारठलेली असते. या दिवसांतल्या थंडीला जपानीत हनाबिए असं खास नावच आहे, म्हणजे फुलांच्या दिवसातला गारवा, तेव्हा जॅकेट विसरू नका.

फांदी वाकवून फोटो काढू नका, झाड हलवून पाकळ्या पाडू नका, मुळांवर बसू नका. कचऱ्यासाठी पिशवी जवळ ठेवा.

व्हेज लोकांनी खाण्याचं आधीच बघा. जपानी सॉसमध्ये आणि रश्शात बऱ्याचदा माशाचा अर्क असतो, भाजीच्या पदार्थातही. उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी साधारण चालते, पण पाकिटाचं लेबल फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. हनामी दांगो मात्र निवांत खा, तांदळाच्या पिठाचे गुलाबी, पांढरे, हिरवे गोळे काडीला लावलेले असतात.

निघताना खालच्या शिनोबाझु तळ्यावर जा. मधल्या बेटावर बेन्तेनदो हे देऊळ आहे, आणि ही बेन्तेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचलेली आपली सरस्वती. तिची बिवा, म्हणजे वीणेसारखं वाद्य, तिथे दगडात घडवून ठेवलंय.

मेट्रोने असाकुसा

गिन्झा लाइनने उएनोहून तिसरं स्टेशन, पाचेक मिनिटं. हा टप्पा १९२७ ला सुरू झाला, आशियातली ही पहिली भुयारी रेल्वे. सुईका किंवा पास्मो हे पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड असलं की तिकिटाचा व्याप नाही.

कामिनारिमोन या मोठ्या दरवाज्याचा लाल कंदील, मग दुकानांची गल्ली, मग सेन्सोजी देऊळ, इथे गर्दी असणारच, दर्शन घ्या आणि फार रेंगाळू नका. कामिनारिमोनसमोरच्या टुरिस्ट सेंटरच्या आठव्या मजल्यावर मात्र नक्की जा, फुकट आहे आणि वरून देऊळ आणि स्कायट्रीचा उंच टॉवर दोन्ही दिसतं.

नदीकाठ आणि गणपती

तिथून सुमिदा पार्क, नदीच्या दोन्ही काठांनी साकुराची रांग. पश्चिम काठाने उत्तरेकडे चालत राहिलात की छोट्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ लागतं, आणि मराठी माणसाने ते चुकवूच नये, कारण इथला शोदेन म्हणजेच कांगितेन, आपला गणपती. मूर्ती गुप्त असते, दर्शनाला उघडत नाहीत. पण देवाला वाहतात काय, तर मुळा! पांढरेशुभ्र, हातभर लांब मुळे समोर ओळीने ठेवलेले असतात, आणि आवारात जिथे तिथे मुळ्यांची जोडी आणि पैशांचा बटवा कोरलेला. मुळा तिथेच विकत मिळतो, मी तर म्हणेन घ्या आणि वाहा.

मग पूल ओलांडून पूर्व काठाला चोमेइजीचं साकुरामोची शोधा. १७१७ पासूनचा हा प्रकार, गोड बीन्सचं पुरण पातळ धिरड्यात गुंडाळून वर खारवलेली साकुराची पानं. पुरण आणि मीठ एकत्र कसं लागेल असं वाटतं, पण पानाचा जो वास येतो त्यासाठी तरी एक घ्याच. बहर ओसरत असेल तर इथेच काठावर बसा, वाऱ्याची झुळूक आली की पाकळ्यांचा पाऊस पडतो, त्याला हनाफुबुकी म्हणतात.

तारीख हुकली तर

तिकीट एप्रिल मध्याचं असेल तरी हिरमुसू नका. शिंजुकू ग्योएनमध्ये भरगच्च पाकळ्यांचा याएझाकुरा उशिरा फुलतो (५०० येन तिकीट, दारू न्यायला बंदी), नेझु देवळात एप्रिलमध्ये अझेलिया, आणि महिनाअखेरीला कामेइदो तेनजिन देवळात जांभळ्या विस्टेरियाचे घोस. २९ एप्रिल ते ५ मे गोल्डन वीक, अख्खा जपान सुट्टीवर, ते दिवस टाळा. आणि मे मध्येच जाणार असाल तर तिसरा शनिवार-रविवार असाकुसाला ठेवा, तेव्हा सांजा मात्सुरी या उत्सवात खांद्यावरच्या पालख्या त्याच गल्ल्यांतून नाचवत नेतात.