आधी टॅपेट, मग पाइप: एफझीचा सायलेन्सर आणि फिल्टर बदलण्याची माझी पद्धत

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मी लेथवर काम करतो. माझी यामाहाची एफझी-१६ मोटरसायकल आहे २०११ची, सेकंडहँड घेतलेली. १५३ सीसी, ७,५०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) १४ पीएस ताकद, पाच गिअर, हवा-पेट्रोल मिसळायला मिकुनीचा बीएस-२६ कार्बोरेटर. नव्यानं गाडी शिकणाऱ्याला बरी: चुका पोटात घालते आणि चार पान्यांत उघडते. हिच्या सायलेन्सरवर आणि हवेच्या फिल्टरवर मी दोनदा पैसे घातले. पहिल्यांदा सगळे पाण्यात गेले, दुसऱ्यांदा थोडे कामी आले. तुम्ही पहिली खेप टाळावी म्हणून लिहितोय. सगळं कार्बोरेटरच्या गाडीबद्दल आहे. २०१४ पासून एफझी इंजेक्शनवर आली, तिथं जेट (पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोकाचं तोंड) नाही, त्यामुळं खालचा अर्धा भाग तिला लागू नाही.

आधी थोडा हिशेब. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. म्हणजे ७,५०० आरपीएमला मिनिटाला ३,७५० वेळा १५३ सीसी, साधारण ५७० लिटर हवा. वजनात ती पाऊण किलोच्या आतबाहेर. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा धरली तर मिनिटाला पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास पेट्रोल. आता फिल्टर आणि पाइप मोकळा करून तुम्ही हवा वाढवली आणि पेट्रोल तेवढंच ठेवलं, तर मिश्रण पातळ होतं. गाडी फट्‌फट्‌ करते, तापते, आणि मालकाला वाटतं काय फायरिंग आलंय! माझं पहिल्यांदा हेच झालं.

तेव्हा मी मूळ फिल्टरची पेटीच काढून टाकली आणि कार्बोरेटरच्या तोंडावर शंकूसारखा फिल्टर क्लिपनं आवळला. दिसायला झकास. पण बीएस-२६ हा व्हॅक्यूमवर चालणारा कार्बोरेटर आहे. ॲक्सिलरेटरची केबल फक्त फुलपाखराची झडप फिरवते. पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई ज्या पिस्टनला असते, तो वर उचलायचं काम हवेचा दाब करतो, रबरी पडद्याच्या मदतीनं. पेटी काढली की तो दाब सरळ राहत नाही. उड्या मारतो. रंकाळ्याच्या वाऱ्यात माझी गाडी नुसती उचकी लागल्यासारखी चालायची. शिवाय इकडं ऊस हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची जी धूळ असते, ती शंकूच्या फिल्टरच्या वाटेला थेट येते. म्हणून माझं मत पक्कं आहे: पेटी काढायची नाही. पेटीच्या आतला फिल्टर बदला, बास.

आता क्रम. खरेदीच्या आधी गाडीची सर्व्हिसिंग नीट करून घ्या, आणि करून घेताना समोर उभं राहा. इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट (म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट) जुळवणं, नवा प्लग कंपनीनं सांगितलेल्याच नंबरचा, कार्बोरेटर साफ, चेनचा ढिलेपणा, टायरची हवा, ब्रेक घासत नाहीत ना. मग मोजा. मी वाघबिळाच्या चढावर एक ठरावीक खांब धरला. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६०, मागं भाचा स्टॉपवॉच घेऊन, पहाटे, रस्ता रिकामा असताना, दर वेळी टाकी साधारण अर्धी. गाडी घेतली तशी होती तेव्हा नऊ सेकंदांच्या जवळ. टॅपेट आणि प्लग झाल्यावर आठ. फिल्टर, पाइप, जेट सगळं बसवून शेवटी साडेसात. म्हणजे मोठा फरक टॅपेटनं आणि प्लगनं पाडला आणि खर्चाचा मोठा वाटा सायलेन्सरनं खाल्ला. हे आकडे माझ्या गाडीचे, पण मोजायची रीत तुमच्याही कामाची. न मोजता बदललेल्या गाडीत ‘पिकअप वाढला’ असं जे वाटतं, तो बहुतेक आवाज असतो.

फिल्टर सोपा आहे. मूळ कागदी फिल्टरच्या मापाचा, त्याच फ्रेममध्ये बसणारा धुता येणारा कापडी फिल्टर घ्या. बसवायच्या आधी कडेच्या रबरावर बोटानं ग्रीस फिरवा, म्हणजे धूळ कडेनं शिरत नाही. महिन्यानं पेटी उघडून फिल्टरच्या आतल्या बाजूला, कार्बोरेटरकडच्या नळीत, स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर किचकिच लागली तर फिल्टर गळतोय, त्याची जाहिरात काहीही म्हणो. तेल लावताना हात आवरा. कापड गुलाबीसर दिसलं की थांबायचं. निथळेपर्यंत लावलं तर तेच तेल ओढलं जाऊन जेटमध्ये चिकटतं.

सायलेन्सरची गोष्ट लांब आहे. दुकानात दोन प्रकार मिळतात: इंजिनाकडून येणारा बेंड पाइप मूळचाच ठेवून फक्त मागचा डबा बदलायचा, किंवा हेडपासून (इंजिनाच्या डोक्यापासून) अख्खा पाइप. एवढ्या इंजिनाला डबा पुरे. ‘जितका जाड पाइप तितकी ताकद’ असं सांगणारा भेटला तर त्याला हे विचारा: आतला व्यास २५ वरून ३२ मिमी केला तर क्षेत्रफळ ६४ टक्क्यांनी वाढतं, मग तेवढाच धूर किती हळू जाईल? वेगानं जाणारा धूर आपल्यामागं ओढ तयार करतो आणि सिलिंडर रिकामा व्हायला मदत करतो. पाइप जाड केला की कमी आरपीएमला ही ओढ मरते. गावातल्या चढावर, मागं माणूस बसवून दुसऱ्या गिअरमध्ये, तिथंच गाडी लंगडते. धूर कोंडल्यानं ताकद येत नाही. ताकद येते त्याचा वेग टिकल्यानं.

आणि पुंगळी, म्हणजे डब्यातली आवाज दाबणारी जाळीची नळी, काढू नका. माझ्या गल्लीत रात्री दुसऱ्या पाळीवरून परतताना मी पंधरा दिवस पुंगळी काढलेली गाडी आणली. सोळाव्या दिवशी समोरच्या आजी सकाळी दारात येऊन एवढंच म्हणाल्या, “बाळा, तू सुखरूप आलास हे अख्ख्या गल्लीला कळतंय.” त्यानंतर आतली जाळी परत बसवली. कायद्याचंही ऐका. ८० ते १७५ सीसीच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीत बदल करायला मनाई आहे आणि कलम १९०(२) खाली आवाज-धुराच्या उल्लंघनाला २०१९च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड लिहिलाय. पुण्यात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवलेला तुम्ही बातम्यांत पाहिला असेलच. डबा घेताना आत जाळी आणि ग्लासवूल असलेला, मूळ आवाजाच्या आसपास राहणारा घ्या. तरीही चौकात अडवणाऱ्या हवालदाराला तुमचा डबा नवा दिसणारच, हे धरून चला. मूळ डब्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो बदलायचाच नाही, तिथं फक्त फिल्टरवर थांबा.

खोलताना घाई केली की नुकसान होतं, हे मी हेडजवळचा एक स्टड (पाइप धरणारा, हेडमध्ये रुतलेला आट्यांचा दांडा) तोडून शिकलो. बारा वर्षं तापून-गार होऊन नट आणि स्टड एकजीव झालेले असतात. मी रोज लोखंड कापतो, म्हणून मला वाटलं हे काय, आणि लांब दांड्याचा पाना लावून दिला एक हिसका. खट्ट. मग हेड उतरवून तुटका स्टड ड्रिल करून काढण्यात रविवार गेला. आता रीत अशी: आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल, सकाळी परत एकदा. इंजिन दोन मिनिटं चालवून कोमट करा, गरम नाही. सहा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट पाना) लावा, बारा कोपऱ्यांची नको. अर्धी फेरी सोडवा, पाव फेरी आवळा, तेल, परत अर्धी. कुरकुर आवाज आला तर थांबायचं. फक्त डबा बदलत असाल तर हेडचे नट हलवायची गरजच नाही, आणि हेही डब्यावरच थांबायचं एक कारण.

हेडचा पाइप काढलाच, तर तिथली गोल पॅकिंग नवीनच घ्या. जुनी एकदा दाबली गेली की परत बसत नाही, आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली की ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजतात. लोक मग जेट बदलत बसतात. बसवताना सगळे नट-बोल्ट आधी हातानं, पाइप आपल्या जागी सैल बसू द्या, मग हेडकडून मागं आवळत या. मागचा ब्रॅकेट आधी आवळला तर पाइप कायम ताणात राहतो आणि सहा महिन्यांत वेल्डिंगजवळ चीर जाते. चालू करण्याआधी पाइप स्वच्छ पुसा. तेलकट बोटांचे ठसे पहिल्या तापण्यात स्टीलवर भाजून कायमचे राहतात.

आता पेट्रोल. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे चार स्क्रू मऊ असतात, त्यांच्या खाचेत अचूक बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा, नाहीतर डोकी घासतील. पेट्रोलचा कॉक बंद, वाटीतलं पेट्रोल बाटलीत, आसपास बिडी-सिगारेट नाही. आत दोन जेट दिसतील, मोठं मेन आणि बारीक पायलट. मेन जेटवरचा आकडा वहीत लिहा. त्याच्या पुढचं एक आणि त्याच्या पुढचं एक, अशी दोन विकत आणा. मिकुनीत आकडा साधारण अडीचनं वाढतो.

इथं माझी टर्नरची खोड नडली. विकत कशाला, ०.१ मिमीनं मोठं ड्रिल आहे की घरचं! एक मिलिमीटरच्या भोकाचं १.१ केलं, तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. गाडी काळा धूर ओकायला लागली. आणि जेट भोकाच्या मापावर नाही, त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावर तपासलेलं असतं. ड्रिलनं आतली भिंत खरबरीत होते, मग आकड्याला अर्थ उरत नाही. जेट विकतच घ्या.

कुठं काय चालतं ते लक्षात ठेवा: ॲक्सिलरेटर बंद ते पाव पायलट आणि मिक्श्चर स्क्रू, पाव ते पाऊण सुई, त्याच्या वर मेन जेट. फिल्टर आणि डबा एवढंच बदललं तर मेन एक आकडा वर पुरतो. मधल्या पट्ट्यात गाडी अडखळली तर सुईखाली अर्ध्या मिलिमीटरची एक बारीक चकती टाका. या कार्बोरेटरच्या सुईला वर-खाली करायला खाचा नसतात, म्हणून चकती. झाकण उघडताना रबरी पडदा फाटू देऊ नका. परत बसवताना त्याची कड खोबणीत सगळीकडून बसलीय ना, नखानं फिरवून बघा. मिक्श्चर स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, म्हणजे तो पेट्रोलचा: बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं. गाडी तापवून पाव-पाव फेरीनं फिरवा आणि जिथं रनिंग (ॲक्सिलरेटर न देता इंजिनाचा वेग) सर्वात वर जातं तिथं सोडा. मग रनिंग कमी करा. एका वेळी एकच बदल, दोन केले तर कुणी काय केलं ते कळत नाही.

प्लग बघून खात्री करा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर, मग एकाच वेळी क्लच आणि किलस्विच (इंजिन बंद करायचं बटण), बाजूला घेऊन प्लग काढा, चिमट्यानं, कारण तो चटका देतो. विटकरी ते खाकी रंग असेल तर बरोबर. पांढरा खडूसारखा म्हणजे पातळ, एक आकडा वर चढा. काळी काजळी म्हणजे जास्त, खाली या. पन्हाळ्यावर बघू नका. तिथं कोल्हापूरपेक्षा चारशे मीटर उंची आहे, हवा विरळ, प्लग थोडा काळाच दिसणार. नंतर पीयूसी करून घ्या: या काळातल्या फोर-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएमच्या आत यायला हवं. माझी पहिल्या फेरीत नापास झाली, स्क्रू पाव फेरी आत घेतल्यावर पास.

ॲव्हरेज माझं ४५वरून ४२ झालं. शंभर किलोमीटर झाल्यावर इंजिन गार असताना हेडचे नट, ब्रॅकेटचा बोल्ट आणि कार्बोरेटरच्या क्लिपा परत तपासा, नवी पॅकिंग थोडी बसते आणि नट ढिले होतात. साखर कारखान्यांची धुराडी पेटल्यापासून बंद होईपर्यंत फिल्टर महिन्याला धुतो, एरवी तीन महिन्यांनी. मूळ डबा तेलाचा हात फिरवून पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.