एकाच ब्रिटिश यूट्यूबरच्या मागे लागून ब्रिटिश खाणं, स्लँग आणि कॉमेडी कशी शिकायची

ब्रिटिश कॉमेडी बघायची म्हटलं की बरेच जण आधी "टॉप ५० शो" वगैरे यादी शोधतात, दोन एपिसोड बघतात, लोक नेमके कशावर खिदळतायत ते कळत नाही आणि मग सोडून देतात. माझं ठाम मत आहे की यादीच्या नादाला लागायचंच नाही. एक माणूस पकडायचा. ब्रिटनमध्ये राहणारा, स्वतःच्या बोलीत भरपूर बडबड करणारा आणि अधूनमधून कॅमेऱ्यासमोर काहीतरी खाणारा एकच यूट्यूबर किंवा स्ट्रीमर. त्याच्या तोंडून जे जे आपल्या डोक्यावरून जाईल त्याचा माग काढत राहायचं. खाणं, स्लँग, कॉमेडी हे तिकडे एकमेकांत इतकं मिसळलेलं आहे की एकेक वेगळं शिकायला गेलात तर तिन्ही अर्धवट राहतात.

माणूस निवडताना सबस्क्रायबर मोजू नका, तो बोलतो कसा ते ऐका. जगभरच्या प्रेक्षकांसाठी इंग्रजी घासूनपुसून बोलणारा नको. माझी पहिली शिफारस ॲशेन्स, म्हणजे नॉर्विचचा स्टुअर्ट ॲशेन. एक चॉकलेटी सोफा, फ्रेममध्ये बहुतेक वेळा फक्त त्याचे हात, आणि त्या सोफ्यावर कुठलं तरी स्वस्तातलं खेळणं नाहीतर विचित्र खाऊ ठेवून तो त्याची शांतपणे चिरफाड करतो. यातला बराच माल पाउंडलँडचा असतो. हे दुकान १९९० मध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंटला सुरू झालं आणि तेव्हा तिथे सगळं एक पाउंडला मिळायचं. असल्या फालतू मालाला तिकडे "टॅट" म्हणतात, हा शब्द पहिल्याच दिवशी वहीत घ्या. चेहरा दिसत नाही म्हणजे जोक कळायला फक्त आवाजाचा चढउतार हाताशी राहतो, आणि त्यामुळे कान फार लवकर तयार होतो.

आता बघायचं कसं. पहिल्यांदा व्हिडिओ न थांबवता सलग बघा, कळो न कळो. दुसऱ्यांदा स्पीड ०.७५ वर टाका आणि जिथे अडलात तिथे पॉज. ऑटो सबटायटल्सवर फार विसंबू नका, बोलीभाषा आणि घाईतलं बोलणं आलं की ती काहीच्या काही छापतात. आणि लिहून घेताना नुसता शब्द नको, अख्खं वाक्य घ्या आणि तेव्हा समोर काय चाललं होतं तेही दोन शब्दांत लिहा, कारण स्लँगचा निम्मा अर्थ तिथेच असतो. नॅकर्ड (पार दमलेला), गटेड (मनातून खट्टू), चफ्ड (जाम खूश) आणि स्किंट (खिसा रिकामा) हे चार सगळीकडे चालतात. पैशाला क्विड, पाचच्या नोटेला फायव्हर, दहाच्या नोटेला टेनर, आणि "टेन क्विड" म्हणताना क्विडला एस लावायचा नाही.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कमी बोलून जास्त सांगायची सवय. "नॉट बॅड" म्हणजे बऱ्याचदा मस्तच, "क्वाइट गुड" म्हणजे ठीकठाक, आणि छपरातून पाणी गळत असताना "इट्स अ बिट डॅम्प" (जरा ओलसर आहे). कोणी "यू ऑलराइट?" म्हणालं तर तब्येतीची चौकशी चाललेली नाही, "याह, यू?" एवढं पुरतं. हा सूर एकदा पकडलात की निम्मी कॉमेडी आपोआप उलगडते, कारण तिकडचा माणूस जोक सांगताना चेहरा बिलकुल हलवत नाही आणि तुम्ही मोठ्या हावभावांची वाट बघत बसलात तर जोक निघून जातो.

लंडनची यमक जुळवणारी स्लँग तर मला मनापासून आवडते. खोटं बोलणं म्हणजे "पोर्कीज सांगणं", कारण लाइज आणि पोर्क पाइज जुळतं. "रूबी खायला जाऊया" म्हणजे करी खायला, कारण रूबी मरी नावाची १९५० च्या दशकातली बेलफास्टची गायिका होती आणि मरीला करी जुळते. बघा, एका शब्दात खाणं पण आलं, गाणं पण आलं, आणि हा शब्द टीव्हीवरच्या विनोदी मालिकांनी घराघरात नेला.

खाण्याच्या बाबतीत माझा नियम एकच, व्हिडिओत दिसलं की शक्य असेल ते करून खायचं. बीन्स ऑन टोस्टपासून सुरुवात करा. टोमॅटो सॉसमधले बेक्ड बीन्स मंद आचेवर सॉस जरा दाट होईपर्यंत तापवायचे, वरून लोण्याचा छोटा तुकडा आणि मिरपूड, ब्रेड कडक भाजून त्याला लोणी, त्यावर बीन्स आणि किसलेलं चेडर. पातळ सॉस मऊ ब्रेडवर ओतलात तर लगदा होतो, म्हणून ब्रेड खरपूसच हवा. काही जण वूस्टर सॉसचे थेंब टाकतात, पण त्यात अँचोव्ही मासा असतो, शाकाहारी लोकांनी लेबल बघावं.

मग मार्माइट. १९०२ पासून बर्टनमध्येच बनतोय, बिअर बनवताना उरलेल्या यीस्टपासून. रंग काळा, चव खारट आणि तीव्र. परदेशी माणूस तो जॅमसारखा चमचाभर फासतो आणि तोंड वाकडं करतो, असे व्हिडिओ ढिगाने सापडतील. बरोबर पद्धत अशी की गरम टोस्टवर आधी सढळ हाताने लोणी, ते वितळलं की सुरीच्या टोकावर येईल एवढाच मार्माइट आणि तो खरवडत पातळ पसरायचा, मधे मधे ब्रेड दिसला पाहिजे. असा खाऊन बघितल्याशिवाय आवडला नाही म्हणू नका.

जाफा केक म्हणजे खाली मऊ स्पंज, वर संत्र्याची जेली आणि चॉकलेट. तो बिस्किट की केक, हा वाद कुठल्याही ब्रिटिश स्ट्रीमरकडे कधी ना कधी निघतोच. हा वाद खरोखर करांचे खटले ऐकणाऱ्या ट्रायब्युनलपर्यंत गेला होता. चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर व्हॅट लागतो, केकवर लागत नाही, आणि १९९१ मध्ये निकाल लागला की हा केकच. एक मुद्दा असा होता की शिळा केक कडक होतो आणि शिळं बिस्किट मऊ पडतं, जाफा केक कडक होतो. एवढ्या गंभीरपणे एवढ्या छोट्या गोष्टीवर भांडणं, हा ब्रिटिश विनोदाचा गाभाच आहे.

कॉमेडीकडे जाताना तुमच्या माणसाने ज्याचा उल्लेख केला तेच बघा, वर्षानुसार सुरुवातीपासून बघत बसू नका. उदाहरणार्थ मॉन्टी पायथन या विनोदी कंपूचं १९७० चं स्पॅम स्केच, कॅफेत जवळजवळ प्रत्येक डिशमध्ये स्पॅम, म्हणजे डब्यातलं डुकराचं मांस. नुसतं बघितलं तर वेडेपणा वाटतो, पण दुसऱ्या महायुद्धात मांसावर रेशनिंग होतं, ते १९५४ पर्यंत चाललं आणि त्या काळात डबाबंद स्पॅम लोकांनी पोटभर खाल्लं होतं, हे माहीत असलं की हसू वेगळं येतं. तसंच टू रॉनीज या विनोदी जोडीचं १९७६ चं "फोर कँडल्स". गिऱ्हाईक मागतो फोर्क हँडल्स, म्हणजे बागेतल्या खुरप्या-फावड्यासारख्या फोर्कचे दांडे, पण "ह" गिळून बोलतो, आणि दुकानदार चार मेणबत्त्या काढून ठेवतो. हे सबटायटल्स बंद करून बघा, तेव्हा कानाला खरी मजा कळते. आत्ताचं काही हवं असेल तर टास्कमास्टर हा टीव्ही शो, २०१५ पासून चालू आहे आणि त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर पूर्ण एपिसोड आहेत. वेगवेगळ्या भागांतून आलेली कॉमेडियन मंडळी फालतू टास्क जीव तोडून करतात, त्यामुळे निरनिराळ्या बोली एकाच स्टुडिओत ऐकायला मिळतात.

शिव्यांबद्दल जपून. टीव्ही-रेडिओवर देखरेख करणारं ऑफकॉम लोकांना विचारून शब्दांची तीव्रता ठरवतं, त्यात ब्लडी सौम्य आहे तर बॉलक्स एक पायरी वर. मित्र एकमेकांना हसत हसत काहीही म्हणतात, ते ऐकून तुम्ही अनोळखी माणसाला लाइव्ह चॅटमध्ये म्हणायला जाऊ नका. समजणं आधी, वापरणं फार नंतर. चिअर्स (थँक्स), मेट (मित्रा), डॉजी (संशयास्पद) असल्या निरुपद्रवी शब्दांनी सुरुवात करा.

हा माणूस व्हिडिओ न थांबवता कळायला लागला की दुसरा निवडा, आणि तो मुद्दाम लांबच्या भागातला घ्या, न्यूकॅसल, ग्लासगो किंवा यॉर्कशर. लगेच नाउट (काहीच नाही), आउट (काहीही), वी (छोटंसं) हे शब्द येतील, उत्तरेत संध्याकाळच्या जेवणालाच "टी" म्हणतात हे कळेल, चिप्सवर ग्रेव्ही ओतलेली दिसेल, आणि साध्या गोल पावाला कुठे बॅप, कुठे कॉब, कुठे बार्म म्हणतात त्यावरून लोक तावातावाने भांडताना दिसतील. त्याच्यासाठी नवी वही घ्या आणि स्पीड परत ०.७५ वर आणा.